आतून दार नसलेली खोली

मी नोकरीभर बांधकाम खात्यात नकाशे काढले. जेट्ट्या, शाळा, आरोग्य केंद्रं, एक कधीच न झालेला पूल. निवृत्त होऊन गावी आल्यावर पहिला नकाशा काढला तो पाच बाय सात फुटांच्या बाथरूमचा, आणि तोच चुकला.

घर पणजोबांनी बांधलेलं. जांभ्याचे चिरे, चुन्याचं बांधकाम, वर कौलं. येणारे-जाणारे भिंतीवरून कौतुकाने हात फिरवतात आणि मग हळूच विचारतात, "टॉयलेट कुठेय?" ते वाडीच्या टोकाला, विहिरीच्याही पलीकडे. आम्हा नवरा-बायकोला पोफळींमधून तिथवर जायची सवय आहे. पण माझ्या ताईचे दोन्ही गुडघे आता साथ देत नाहीत.

ताई अलिबागला असते. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. वर्षातून दोनदा येते, आगरदांड्याला बोटीत बसून दिघीला उतरते, तिथून रिक्षाने आमच्याकडे. जेवते, आणि हात धुतल्याबरोबर घड्याळ बघते. मग तिला कुणी थांबवू शकत नाही, बोट चुकायला नको. आई गेल्यापासून ती या घरात एकदाही मुक्कामाला राहिली नव्हती. आम्ही दोघंच भावंडं उरलो आहोत. तिने चार दिवस राहावं, काही न करता ओटीवर बसावं, एवढंच मला हवं होतं. अडचण फक्त संडासाची आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

जागा शोधावी लागली नाही. मागच्या पडवीला लागून एक लहान खोली होती. तिचं दार पडवीतच उघडायचं, घरात उघडणारं दार नव्हतंच. गेली कित्येक वर्षं आम्ही तिच्यात असोले नारळ आणि सुपारीची पोती ठेवत आलो. तिचे मी पाच नकाशे काढले. कमोड कुठे, बेसिन कुठे, उठताना धरायला दांडा कोणत्या उंचीवर, पाण्याचा ढाळ कुठल्या कोपऱ्याकडे. बायको म्हणाली, "बाथरूमच आहे ना? की राहिलेला पूल बांधताय?" जुन्या घराला हात लावायचा तर नीट लावावा, या मताचा मी आहे. भिंतींना सिमेंट लागू दिलं नाही, चुनाच वापरला. फणसाच्या लाकडाचं जुनं दार आणि मागची बुटकी खिडकी तशीच ठेवली. न घसरणाऱ्या लाद्या बोर्ली पंचतनला जाऊन स्वतः निवडल्या.

गवंड्याने एकदा विचारलं, "आतून दार काढू का? म्हाताऱ्या मानसाला पडवीतून कशाला फिरवायचं?"

"पलीकडे माजघरात देवघर आहे," मी म्हणालो. "देवघराच्या भिंतीला संडासाचं दार नको."

"घर तुमचं हाय," तो म्हणाला आणि कामाला लागला.

काम झाल्यावर मी ताईला फोन केला. आता सबब चालणार नाही, म्हटलं. ती खरंच बॅग घेऊन आली. चहासुद्धा न देता मी तिला मागे घेऊन गेलो, इतका मला उत्साह.

ती पडवीत खांबाला धरून उभी राहिली. आत गेली नाही. लाद्या बघितल्या, दांडा बघितला. "छान केलंस," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आतून दार नाही काढलंस?"

"अगं, पलीकडे देवघर आहे ना."

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "म्हणूनच तर नव्हतं," ती म्हणाली. "आई, काकू, मी. पाळी आली की इथे बसायचो आम्ही."

हे मला माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. लहानपणी 'ताईला कावळा शिवलाय' असं सांगत, तेव्हा मी कावळा कुठे गेला म्हणून विचारलं होतं आणि सगळे हसले होते. ती तीन दिवस कुठे असते, हे मी कधी विचारलं नाही. पुढे ती चाल बंद पडली, खोलीत नारळ आले, आणि मी विसरून गेलो. विसरणं मला परवडत होतं.

"बाबा गेले तेव्हा माझा दुसरा दिवस होता," ती म्हणाली. "त्या खिडकीतून मला परसात जमलेल्या लोकांच्या पाठी दिसत होत्या. पोरीला लांबून तरी त्यांचं तोंड बघू द्या, म्हणून आई विनवत होती. कुणीतरी नको म्हणालं. तुला तेवढं पुढे नेलं."

तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि मी आठ.

ती जेवली, आणि बॅग घेऊन बोटीला गेली. मी थांब म्हटलं नाही. मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. तो 'मी सांगत होतो' असं काही म्हणाला नाही. जांभ्याची भिंत फोडायला, वर आधार द्यायला तीन दिवस लागले. बायकोने न सांगता देव उचलून माजघराच्या दुसऱ्या कोपऱ्यात मांडले. दार झालं, तेव्हा मी ताईला फोनवर एवढंच सांगितलं की भिंत फोडली.

ती चैत्रात आली. राहिली. सकाळी अंघोळ करून त्या नव्या दाराने सरळ माजघरात येई आणि माझ्या आधी देवांना फुलं वाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ओटीवर फणसाचे गरे काढत बसलो होतो. चिकासाठी तेल लावलेले हात पुसत तिने विचारलं, "बाबांचा चेहरा कसा होता रे शेवटी?"

इतक्या वर्षांत तिने मला हे कधी विचारलं नव्हतं.

"झोपल्यासारखा," मी म्हणालो. "अगदी शांत."

तिने मान हलवली आणि पुढचा गरा हातात घेतला. मला पुढे उभं केलं होतं, तेव्हा मी घाबरून डोळे मिटून घेतले होते.