नीराबाईचं मत

आमच्या मुरुडकडच्या कोळीवाड्यात शकूबाईला कोण ओळखत नाही? सकाळी बंदरावर बोंबील घ्यायचे, वाळवणीवर नेऊन बांबूंवर टांगायचे आणि सुकलेले संध्याकाळी दव पडायच्या आत काढून आणायचे, यात तिचं आयुष्य गेलं. जीभ तिखट, हात त्याहून झपाझप. गेली काही वर्षं सून हेमांगी बरोबर असायची, म्हणून पन्नाशीनंतरही तिला हे काम झेपत होतं.

मग वाळवणीच्या वाटेवरच देशी दारूचं दुकान निघालं. एका संध्याकाळी तिथे बसलेल्या एकाने हेमांगीचा पदर ओढला. बाकीचे दात काढत राहिले. दुकान आहे तोवर त्या वाटेने पाऊल टाकणार नाही, असं हेमांगीने घरी येऊन सांगितलं, आणि खरंच टाकलं नाही. तिचं काय चुकलं? पण अंगावर पडलं ते शकूबाईच्या, कारण एवढा माल एकटीने दवाच्या आत काढणं माणसाचं काम नव्हे.

ती सरपंच शिवदासकडे गेली. त्याने तिला लोकशाहीवर छोटंसं भाषण दिलं. बायकांनी मतदान मागावं, बहुमत झालं तर दुकान बंद, आपण मधे पडणार नाही. हा शिवदास स्वतः कसा निवडून आला ते गाव विसरलेलं नाही. तीन उमेदवार होते, मतं फुटली, आणि दहातल्या सहा जणांनी नको म्हटलेला माणूस खुर्चीत बसला. जे मत द्यायला आलेच नाहीत, त्यांची तर तेव्हा कुणी आठवणही काढली नाही.

शकूबाईने दारोदार फिरून बायकांच्या सह्या आणल्या. मतदानाचा दिवस ठरला तो नेमका उधाणाचा. उधाणाला होड्या भरून येतात, बायकांना बंदरावरून मान वर करायला फुरसत नसते. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर नसतो त्या दिवसांत, सगळं कसं निवांत. भांगातली तारीख द्या म्हणून ती सांगायला गेली, तर तारीख वरून ठरली आहे असं उत्तर मिळालं. वरच्यांना समुद्र भिंतीवरच्या चित्रात दिसतो, त्याला काय करणार!

तरी बाया आल्या. हातापायांना खवलं चिकटलेली, टोपल्या शेजारणीच्या भरवशावर टाकून आल्या. आम्ही पुरुष दोरीपलीकडे उभे होतो. चिठ्ठीवर दोन चित्रं होती: आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. संध्याकाळी मोजणी झाली. आडवीला तीनशे दोन, उभीला एकेचाळीस. बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. माझ्याही तोंडून शिट्टी निघून गेली.

तेवढ्यात मतदान घ्यायला आलेल्या अधिकाऱ्यांनी हात वर केला. दुकान चालूच राहील, म्हणाले. गावात बायकांची मतं सहाशे बारा. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींनी बंद म्हणायला हवं. आलेल्यांतल्या निम्म्या नव्हे, सगळ्यांतल्या. पाच मतं कमी पडली. पुन्हा मागायचं तर वर्षभर थांबावं लागेल. हे सगळं ते अगदी गोड आवाजात सांगत होते, त्याचीच मला जास्त चीड आली.

"जी आली न्हाय तिचं मत कुनाला?" शकूबाईने विचारलं.

कुणालाच नाही, ते म्हणाले. पण निम्मं धरताना ती मोजली जाते.

"म्हंजे बाटलीलाच ना?"

अधिकारी चिठ्ठ्या गोळा करून पाकिटात भरू लागले. ते वाईट नव्हते, त्यांच्यापुढे नियम होता. पण मला कुणी सांगावं, सरपंच करताना घरी बसलेल्यांना विचारायचं नाही आणि दारू बंद करताना मात्र त्यांनाच धरून बसायचं, हा कुठला न्याय? लग्न होऊन किहीम-नागावला गेलेल्या लेकी, मुंबईला राहायला गेलेल्या बाया, सगळ्यांची नावं अजून इथेच. आणि मेलेल्यासुद्धा.

मेलेल्यांत शकूबाईची सासू नीराबाई होती. नवऱ्याच्या दारूपायी त्या बाईचं सोनं गेलं, मारानं एक कान गेला. ती दारूच्या वासानेही उठून बाहेर जायची. तिला जाऊन दोन वर्षं होऊन गेली, पण मतदार म्हणून ती अजून शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी शकूबाईने मृत्यूचा दाखला घेतला आणि एसटीने तहसील कचेरी गाठली. मी सोबत होतो. कारकुनाने मान वर न करता काय काम आहे म्हणून विचारलं. एरवी ती कुठेही आवाज चढवायची, तिथे मात्र हळू बोलली.

"माजी सासू जल्मभर दारूच्या नावानं थुकली, साहेब. मेल्यावर तिला तुमी बाटलीच्या बाजूला उभी केलीत. तिला तिथनं काढा."

कारकुनाने दाखला ठेवून घेतला आणि काही दिवसांनी यायला सांगितलं. आम्ही परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शकूबाई घरी न थांबता टोपली घेऊन त्या दुकानावरून वाळवणीकडे गेली, एकटीच.