घुरघुरणारी मशीनं

आरओ मशीन दुरुस्त करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. फिल्टरमध्ये गाळ साठतो तसे ते आपोआप साठतात. कोल्हापुरात माझं आणि महावीरचं छोटं दुकान आहे. पाणी कमी येत असलं तर लोक महिनाभर कळ काढतात, पण मशीननं आवाज केला की भरल्या ताटावरनं उठून फोन लावतात. आवाज ऐकून मी रोग सांगतो आणि सहसा चुकत नाही. हे मलाच सांगावं लागतं, कारण महावीर काय सांगायचा नाही.

*

आमच्या गिऱ्हाईकाला आवाजाचं नुसतं वर्णन करून भागत नाही, तो काढूनच दाखवावा लागतो. एका काकूंनी फोनवर "टक-टक-टक" केलं. मागनं सासूबाई म्हणाल्या, "तसं न्हाय गं, टर्रक-टक." मग काकूंच्या नवऱ्यानं फोन हिसकावून घेतला आणि स्वतःचा वेगळाच टर्रक काढला.

आमचा फोन स्पीकरवर होता. महावीर शांतपणे म्हणाला, "व्हॉल्व्ह गेलाय." दुकानात बसलेल्या एका पावण्यांनी मात्र मला हळूच विचारलं, "डॉक्टरला दाखवलंय का ह्यांना?"

*

नेसरीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी गेलतो. मशीनवर विणलेला रुमाल घातलेला. चालू केलं की गुडगुड करायचं. बरेच दिवस बंद राहिल्यानं पाइपात हवा धरली होती.

"आजोबा, रोज वापरत न्हाय काय?"

"आम्ही हिरीचं पितो. ह्ये पावण्यांसाठी हाय. पण पावणं दचकाय लागल्यात."

हवा काढली, मशीन गप्प झालं. मी प्यायला पाणी मागितलं, तर आजोबांनी विहिरीचंच आणलं. म्हटलं, मी पावणा नाही काय?

"हाय की. पण मशीन आत्ताच तुम्ही खोललंय. भरवसा काय?"

*

हुपरीत एका घरात खाली पैंजणांचं काम, वर स्वयंपाकघर. खाली ठोकाठोकी आणि पॉलिशचा ड्रम दिवसभर गरगरतोय. त्यात वहिनींची तक्रार, मशीनचा आवाज सहन होत नाही! मला तर मशीन चालू आहे हेसुद्धा कळत नव्हतं. हात लावून बघितलं, तेव्हा कळलं. फिल्टर तुंबलेला आणि पंपाला धाप लागलेली.

"वहिनी, खालच्या एवढ्या दणदणाटात तुम्हाला ह्येच ऐकू येतंय?"

"खालचा आवाज आमचं पोट भरतोय. ह्यो काय देतोय?"

*

आवाज येतोय म्हणजे काहीतरी सैल आहे, हा आपल्याकडच्या गड्यांचा पक्का सिद्धांत. एका पाटलांनी पान्हा घेऊन दिसेल ते आवळलं. आवळता आवळता फिल्टरचं भांडं तडकलं. मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी, आणि पाटील ओट्यावर मांडी घालून बसलेले.

मला बघून म्हणाले, "आवाज गेला की न्हाय?"

*

आता कळंब्याकडची गोष्ट. बापूंचा फोन आला, "मशीन लई घुरघुरतंय, या."

गेलो. म्हटलं, मशीन कुठाय? त्यांनी भिंतीकडं बोट केलं. "पलीकडं. माझं न्हाय ते, अण्णाचं हाय."

अण्णा म्हणजे बापूंचे थोरले भाऊ. दोघांनी मिळून जोडघर बांधलेलं, मधली भिंत एकच. वाटणीवरनं बिनसलं आणि बोलणं तुटलं. अण्णांची बायको वारलेली, मुलगा पुण्याला, म्हातारा एकटा. रोज पहाटे उठून ते मशीन लावायचे, आणि पंप भिंतीतनं बापूंच्या उशाशी घुरघुरायचा.

मी अण्णांचं दार वाजवलं. बापूंनी पाठवलंय म्हणताच त्यांनी ते लावून घेतलं. मी बापूंना सांगितलं, माझ्यानं हुणार नाही, आणि परत आलो.

पुढं अण्णांनीच फिल्टर बदलायला बोलावलं. पंप भिंतीला घट्ट टेकलेला. मी काही न बोलता मधे रबर घातलं. आवाज बंद. बापूंना काही कळवलं नाही. म्हटलं, झोपू देत सुखानं.

दोन-चार दिवसांनी बापूंचा फोन. नेहमी ओरडून बोलणारा माणूस, पण आवाज पार बसलेला.

"अण्णाचं मशीन वाजंना झालंय. परवापासनं. दारबी उघडलेलं दिसलं न्हाय."

"मग?"

"मग काय... तू जरा बघून ये की."

खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण गिळलं. म्हटलं, "मी हुपरीला हाय. भिंत तुमची हाय, तुम्हीच जावा."

फोन कट झाला. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. महावीर म्हणाला, "नसता शहाणपणा केलास."

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन.

"काल धाकटा आल्ता."

"काय म्हणाले?"

"काय न्हाय. दारात हुबा राह्यला, माझ्याकडं बघत. मी म्हटलं, ये, बस. च्या केला. गडबडीत साखरंच्या जागी मीठ पडलं माझ्याकडनं."

"मग?"

"सगळा पिला की लेकानं."