ब्रेक दाबला की दात

मी पुण्याहून लग्न होऊन बंगळुरूला आले, तेव्हा मराठी शब्दाला शेवटी उकार जोडला की कन्नड होतं, अशी माझी ठाम समजूत होती. ब्रेक दाबला की आमची गाडी थरथरायची. नवरा म्हणाला, "गाडी नाही, तुझा पाय थरथरतो. उद्यापासून मीच चालवणार." किल्ली हातची जायची वेळ आली, म्हणून मी एकटीच गॅरेज गाठलं आणि ऐटीत सांगितलं, "अण्णा, ब्रेक हाकिदरे गाडी हल्लु."

मला म्हणायचं होतं, ब्रेक लावला की गाडी हलते; पण कन्नडमध्ये हल्लु म्हणजे दात. मेकॅनिक गंभीरपणे हिंदीत म्हणाला, "अक्का, दातांचा डॉक्टर समोर बसतो."

मग तो गाडी फिरवून आला. ब्रेक लावताच स्टिअरिंग त्याच्याही हातात थरथरलं होतं. पुढच्या ब्रेकच्या चकत्या तापून वाकल्या होत्या.

"सारखा ब्रेक दाबता का, अक्का?"

दाबत होतेच. शेजारी बसून नवरा इंदिरानगरपासून घरापर्यंत "ब्रेक, ब्रेक" करायचा, आणि मी आज्ञाधारक बावळट दर वेळी दाबायचे.

चकत्या बदलल्या, थरथर थांबली. नवऱ्याची जागा तेव्हापासून मागच्या सीटवर आहे. तो आजही तिथून ओरडतो. मला कमी ऐकू येतं, असं मी त्याला सांगून ठेवलंय.