चहा आणि जेवणाच्या मधली वेळ

योग्य वेळ ही जर मोंढ्यात विकायला येणारी वस्तू असती, तर तिचा सगळा माल आमच्या धाकट्या दिरांनी केव्हाच उचलला असता. पंगतीला बसावं ते दुसऱ्या, कारण पहिलीत वाढप्याचा हात आखडलेला असतो आणि तिसरीत वरण पातळ होतं. मला मिक्सर हवा होता तेव्हा ते म्हणाले, "वैनी, आज न्हाई. दादाची दाढी होऊ द्या. दाढी केल्यावर दादा कोनालाबी न्हाई म्हनत न्हाई." मी रविवारी दाढीनंतर विषय काढला आणि मिक्सर आला. मी याद्या करून कामं उरकणारी बाई. यादीत जे वर ते आधी, एवढंच माझं शास्त्र. पण त्या दिवसापासून भाऊजींच्या शास्त्राला मी नावं ठेवायचं सोडलं.

हे शास्त्र त्यांना हिंगोलीच्या मोंढ्यात हळद विकताना मिळालं होतं. "व्यापारी उपाशी असला का चिडतो, जेवला का पेंगतो. चहा अन् जेवनाच्या मधात ढीग वतायचा," असं ते सांगत. आणि एकदा ओतलेला ढीग बोली न लागता परत पोत्यात भरला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कुत्रंही बघत नाही, हा त्यांचा पक्का सिद्धांत.

पुढे वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानाशेजारी नेट कॅफे निघाला आणि तिथे भाऊजींना देशोदेशीच्या मराठी माणसांचं एक गप्पांचं संकेतस्थळ सापडलं. तिथे एखाद्याने विषय काढला की त्याला धागा म्हणत, बाकीचे त्याखाली प्रतिसाद लिहीत. प्रतिसाद आला की धागा वर यायचा, नाही आला तर खाली खाली जात दिसेनासा व्हायचा. "ह्यो तर मोंढाच हाये की," म्हणत भाऊजींनी बैठक मारली. पुण्याची माणसं डबा खाऊन जांभया देत असताना धागा टाकू नये, ती चारच्या चहाला उठली की टाकावा. अमेरिकेतल्या लोकांची सकाळ आपल्या दिवेलागणीला होते, म्हणून परदेशाचा विषय तेव्हा काढावा. सोमवारी तर काढूच नये, सोमवारी माणूस स्वतःवरच रागावलेला असतो. त्यातून फाट्यावर वीज कधी असेल तेही जुळवायचं. त्यांच्या धाग्यांवर प्रतिसादांच्या रांगा लागत. चुकलं ते एकदाच. हुरड्यावर सुरेख लिहिलं आणि नेमका क्रिकेटचा सामना सुरू झाला. एकच प्रतिसाद आला: "स्कोर किती झाला?"

एक धागा मात्र त्यांनी वर्षभर टाकला नव्हता. तो त्यांना तोंडपाठ होता आणि मी भाकरी थापत असताना इतक्यांदा म्हणून दाखवलेला, की मलाही पाठ झाला होता. भाऊजी लहान असताना डोंगरकडा या आमच्या गावात घरी एकच बैल होता, चांद्या. त्यांच्या बाकावरच्या दोस्ताच्या घरीही एकच, मोऱ्या. दोन्ही घरांची सावड होती. दोन्ही बैल एका जुवाखाली आज आमच्या रानात, उद्या त्यांच्या. पोळ्याला ही दोन पोरं मिळून एक जोडी तोरणाखाली न्यायची. मग एका वर्षी मोऱ्या विकून ते घर गाव सोडून गेलं. कुठे, ते कुणाला कळलं नाही. त्या पोळ्याला चांद्या गोठ्यातच राहिला. एका बैलाचा पोळा होत नाही.

"टाकून मोकळे व्हा की भाऊजी," मी म्हणायची.

"काहून घाई करून राहिल्या वैनी? बाकीचे धागे पडले तर पडू द्या. ह्यो पडला तर मंग तो दोस्त कुठंच न्हाई, असं समजावं लागंल."

त्या साली पोळ्याच्या सकाळी नारळ आणायला आम्ही फाट्यावर गेलो. कॅफे उघडा, वीज चालू, आत कुणी नाही. मी म्हटलं, "बसा."

"आज? आज समदा मुलूख बैल धुऊन राहिला. कोन वाचंल?"

"भाऊजी, बोली लावायला वेळ बघावी. हाक मारायला काय बघायची? तुम्ही बसता का मी बसू?"

मला टाईप येत नाही हे त्यांना माहीत होतं, पण मी खुर्ची ओढलेली पाहून ते बसले. 'चांद्याचा जोडीदार मोऱ्या कुणाच्या ध्यानात आहे का?' एवढं शीर्षक द्यायला त्यांना घाम फुटला.

नंतर ते तिकडे फिरकेचनात. शेवटी बाजाराच्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेले. धागा पार तळाला गेलेला. खाली एकच प्रतिसाद: "मोऱ्याचं डावं शिंग खाली वळलेलं होतं, ते लिहायचं राहिलं. इथे परदेशात पोळा नाही. मी पोळ्याला सुट्टी काढतो आणि गावाकडचं कुणी बोलतंय का बघत बसतो. आज तुझ्याशिवाय कुणीच नव्हतं."

भाऊजींनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "शिंग बराबर सांगितलं लेकाच्यानं." परतताना गावाच्या वेशीत गाडी हळू करून म्हणाले, "बघा वैनी, पोळ्याचा टाइम मी कसा हेरला."

दोस्त गावी अजून आलेला नाही. दर पोळ्याला भाऊजी त्या जुन्या धाग्याखाली एक ओळ लिहितात, तिकडून एक ओळ येते, आणि ओस पडलेल्या त्या मोंढ्यात तो धागा दिवसभर सगळ्यात वर असतो. आता घरीच कंप्युटर आहे. गेल्या पोळ्याला उत्तर येईना. अंगणात बैल झुली घालून उभे, तिकडे तोरणाखालचा वाजंत्रीचा आवाज वाढलेला. मी दारातून म्हटलं, "भाऊजी, वेळ टळून चालली."

"टळू द्या वैनी," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "जोडीदार येऊ द्या."