परत येणारी धून

गाडी मागे घेताना आमच्या सोसायटीत जी धून वाजते, ती मुळात पियानोची. कुणा मुलीसाठी रचलेली. ती मुलगी कोण, हे आजही नक्की ठाऊक नाही. माणूस हरवलं, धून तेवढी परत येत राहिली.

माझी लेक सायली तीच वाजवत होती. नाजूक धून तीनदा येते. शेवटच्या वेळेआधी डावा हात खाली एकच सूर धडधडत ठेवतो. तिथे ती नेहमी घाई करते.

"सावकाश गं. धून येतेच परत."

"बाबांचा फोन आला?"

तिचे बाबा स्वतःच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आणायला गेले होते. फोन उचलत नव्हते.

तेवढ्यात खाली तीच धून वाजली. आम्ही दोघी खिडकीकडे धावलो. त्यांचीच गाडी होती.

सायली पुन्हा पियानोपाशी बसली. तो एकच सूर वाजवू लागली. आता तिला अजिबात घाई नव्हती.