त्यांनी बसवलेलं इंजिन

परवा वरवंडला एका गॅरेजपाशी पेट्रोल आणि ग्रीसचा वास आला, आणि पंचवीस-एक वर्षांपूर्वीची खुटबावची सकाळ आठवली.

माझ्या नवऱ्यानं सासऱ्यांच्या जुन्या मोटारीचं इंजिन पूर्ण खोलून, नव्या रिंगा घालून पुन्हा बसवलं होतं. पण ते सुरू करून बघायच्या आधीच हे गेले. वर्षभरानं त्यांचे मित्र शंकरभावजी दाब मोजायचं गेज घेऊन आले.

"वहिनी, आधी कॉम्प्रेशन बघू. दाब भरला न्हाई, तर समदं इंजिन परत उघडावं लागंल."

त्यांनी प्लग काढले. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टार्टर दाबत राहिले. एकेका सिलिंडरला गेज लावून भावजी 'ठीक आहे' अशी मान डोलवायचे. शेवटच्याला काटा मध्येच अडखळला.

"आन् एकदा दाबा."

मी दाबलं. भावजींनी वाकून काटा नीट पाहिला.

"भरला, वहिनी," ते म्हणाले. "कुठंच हात लावायला नको."

मी तिथंच बसून रडले. तेव्हा वाटलं, गाडी चालणार म्हणून रडतेय. आज कळतं, ह्यांच्या हातचं शेवटचं काम कुणी उघडू नये, एवढंच मला हवं होतं.