पट्टीवरचा पोटॅशियमचा डाग

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी राहुरीजवळ माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. मोठी यंत्रं आमच्याकडे नव्हती. पाण्यात कोणते क्षार विरघळलेत ते बघायला गाळणकागदाची पट्टी घ्यायची. पाणी आटवून त्याचा थेंब पट्टीच्या खालच्या कडेच्या जरा वर लावायचा आणि ती उंच बरणीत, खालची कड तळाशी ओतलेल्या द्रावणात बुडेल अशी टांगायची. द्रावण कागदावर चढतं आणि एकेका क्षाराला वेगळ्या उंचीवर सोडत जातं. पट्टी वाळवून रंग फवारला की सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे वेगवेगळे डाग उमटतात. ज्याचा डाग मोठा, तो जास्त. मला हे काम आवडायचं. कागद कुणाची भीड ठेवत नाही.

एकदा एक जोडपं नव्या विहिरीचं पाणी घेऊन आलं. बाईंनी मिरजगावहून, माहेराहून, कागदी लिंबाची रोपं आणून घराच्या दारात ठेवली होती. नवऱ्याला बाग नको होती. पाणी चांगलं निघालं तर लिंबं लावायची, नाहीतर रोपं परत भावाकडे, असं दोघांचं ठरलं होतं.

"बाई, पानी खराब हाय म्हनून लिवून टाका," नवरा मला म्हणाला. "मेव्हन्याची रोपं मी सोता पोचवतो."

"गप बसा. तुमची जीभच खारट हाय," बाई म्हणाल्या.

पुढच्या बाजारच्या दिवशी दोघं निकालाला आले. पट्टीवर पोटॅशियमचा जांभळा डाग सोडियमपेक्षाही मोठा होता. सल्फेटही भरपूर निघालं होतं. आमचे साहेब 'बागेला अयोग्य' असा शेरा मारायच्या बेतात होते. मी त्यांना थांबवलं. आमच्याकडच्या विहिरींत सोडियम निघतं, चुना निघतो; एवढं पोटॅशियम कुठून येणार?

"ताई, बाटलीत काही घातलं होतं का?"

"काय घालनार? पानी गढूळ हुतं, म्हनून तुरटी फिरवली. चांगली घसघशीत. सायबांम्होरं गढूळ पानी ठेवायचं व्हय?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तुरटीत पोटॅशियम असतं आणि सल्फेटही. विहीर बाजूलाच राहिली, आम्ही यांची तुरटी तपासली होती.

"पोरगी दाखवायला आनल्यावानी पावडर लावून आनलं की गं पानी!" नवरा पोट धरून हसला. बाईंनाही हसू आवरेना.

मी त्यांना बजावून सांगितलं, "आहे तसं आणा. किडे असले तरी चालतील." पुढच्या खेपेला चहासारखं पाणी आलं. मी ते निवळू दिलं, गाळलं आणि पट्टी टांगली. पोटॅशियम जेमतेम दिसलं. सोडियमही बेताचं होतं आणि लिंबाला सोसेल एवढंच क्लोराइड निघालं. साहेबांनी तसं लिहून दिलं.

नवऱ्याने तो कागद उलटसुलट करून पाहिला. "बाई, पुन्यांदा बगता का एकदा?" त्याने मला विचारलं.

"काय बगायचं ऱ्हायलंय?" बाईंनी पदर खोचला. "चला. भावाला बलवून घेते मी, तवर खड्डे खनायला पहार तुमी धरा."